काजू बी आत्ता व्यापाऱ्याला घालावी की पावसाळाभर ठेवावी? (आणि एकूणच, दोन एकर काजूवर घर चालतं का?)

सड्यावरची | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाव सावंतवाडी तालुक्यात, बांद्याच्या वरच्या अंगाला. नवरा रोज मोटरसायकलवरून गोव्यात कंपनीत जातो-येतो, बाग मी आणि सासूबाई बघतो. जागा पावणेदोन एकर, सगळी जांभ्याची वरकस, म्हणजे सड्यावरची हलकी जमीन. झाडं १४०. त्यातली साठेक वेंगुर्ला-४ जातीची, रोजगार हमीच्या फळबाग लागवडीत सासऱ्यांनी लावलेली, म्हणजे तिशीकडे आलेली. पंचवीस-तीस वेंगुर्ला-७ नंतरची. बाकी गावठी, ती कोणी लावली ते सासूबाईंनाही माहीत नाही.

'तुमचं काय बाबा, काजूवाले' असं ऐकून कान किटले म्हणून हिशोबच मांडते. यंदा सगळी मिळून सातशे किलोच्या आसपास बी झाली. सुरुवातीची तीनशे किलो सरासरी १२० ने घातली, छत्तीस हजार आले. मग भाव उतरायला लागला तो आज १०८ वर आलाय. चारशे किलो पडवीत पडून आहे. खर्च: दोनदा गवत काढणं ९ हजार, खतं आणि ती वर चढवायची मजुरी ९ हजार, फवारण्या पंपवाल्यासकट १२ हजार, वेचणीच्या बायका १४ हजार. एकूण ४४ हजार. आमच्या दोघींच्या अंगमेहनतीचा यात एक पैसा धरलेला नाही.

म्हणजे उरलेली बी आज १०८ ने घातली तर वर्षाचे ३५ हजार उरतात. महिन्याला तीन हजारही नाहीत. ओल्या गरांचे (कोवळी बी सोलून काढलेला गर) अठरा हजार आले ते वेगळे. ते सासूबाईंच्या डब्यात गेले आणि तिथेच राहतील.

प्रश्न साधा आहे. चारशे किलो आत्ता घालू की गणपतीपर्यंत ठेवू? व्यापारी म्हणतो आणखी उतरणार. तो हे दरवर्षी म्हणतो.

---

न्हयकाठ | १२ मे, रात्री १०:१५

गो बाय, घालून मोकळी हो. माका इचारशीत तर पावसात बी ठेवची म्हणजे उंदरांची चाकरी. आमच्या वाडीत एकान दोन वर्सांपाटी पाच गोणी ठेवल्यान, गणपतीत काढल्यान तर निम्मी गरात काळी. व्यापाऱ्यान फोडून बघल्यान नि सरळ तीस रुपये कमी केल्यान. वर चहाय पिऊन गेलो.

---

डोंबिवलीकर_चाकरमानी | १२ मे, रात्री ११:०२

ताई, अजिबात विकू नका. दादरला आज चांगला अख्खा काजूगर हजाराच्या घरात आहे, दिवाळीला याहून चढेल. शेतकऱ्याने घाई केली की व्यापारी गबर होतो, हेच तर आपल्या कोकणी माणसाचं दुखणं आहे. एकी नाही. सगळ्यांनी मिळून बी रोखून धरली तर भाव पायाशी येईल. २०० रुपये हमीभावाची मागणी शेतकरी करतायत ती उगीच नाही.

---

बोरमा | १३ मे, सकाळी ७:२०

कुडाळजवळ माझा छोटा काजू कारखाना आहे. म्हणजे धाग्यातला खलनायक मीच. बोलू का?

चाकरमानी साहेब, दादरच्या हजार रुपयांवरून बीचा भाव काढता येत नाही. शंभर किलो बी फोडली की पंचवीस किलोच्या आसपास गर मिळतो, बी चांगली असेल तर दोन किलो वर, कोवळी असेल तर तीन किलो खाली. माझा आजचा हिशोब असा: शंभर किलो बी ११ हजारांची. बॉयलरला लाकूड, कटिंगच्या बायका, बोरम्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, सुकवणं, सालं काढणं, निवडणं, वीज, डबे असं धरून ३ हजार. झाले १४. हातात येतो अख्खा गर साडेसतरा किलो, पाकळी (दोन फाका झालेला गर) साडेचार, तुकडा तीन. घाऊकमध्ये अख्खा सरासरी ६५० ने जातो, पाकळी ५८० ने, तुकडा ४५० ने. बेरीज १५,३३५. टरफलं तेलवाले नेतात त्याचे थोडे सुटतात. म्हणजे क्विंटलमागे तेराशे-चौदाशे रुपये, आणि त्यातून बँकेचं व्याज जायचंय.

व्याजाचं कुणी बोलत नाही. काजू मार्च ते मे या तीन महिन्यांत येतो आणि कारखाना वर्षभर चालवायचा असतो. वर्षाची बी आत्ता रोखीने घेऊन ठेवावी लागते. माझ्या गोदामात आज पडलेला पैसा बँकेचा आहे. ज्याच्याकडे हंगामात पैसा त्याच्याकडे धंदा, बाकी मशिनरी वगैरे दुय्यम गोष्टी.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर संध्याकाळी लिहितो, बॉयलर लावायचाय.

---

डोंबिवलीकर_चाकरमानी | १३ मे, सकाळी ९:४५

बरं, मग ६५० चे हजार कुठे होतात?

---

बोरमा | १३ मे, रात्री ८:३०

घाऊक व्यापारी, वाशी, दुकानदार, जीएसटी, पुडी, दुकानाचं भाडं. आणि तुमच्या तिथल्या दुकानात 'कोकणचा काजू' म्हणून जे असतं ते बऱ्याचदा आफ्रिकेतल्या बीचं असतं, हेही ऐकून ठेवा. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया इथून बी येते आणि आपल्या देशातले कारखाने तिच्यावर चालतात, कारण देशातली बी पुरतच नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवरचं आयात शुल्क ५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणलं. कारखानदार म्हणून मला ते सोयीचं, ताईंना गैरसोयीचं. दोघंही एकाच तालुक्यात मत देतो.

आता ताईंचा प्रश्न. पश्चिम आफ्रिकेचा काजू आपल्याच हंगामात पिकतो, पण बोटीने इथे पोहोचेपर्यंत पावसाळा लागतो. म्हणजे तुम्ही ज्या जुलै-ऑगस्टची वाट बघताय, तेव्हा बंदरावर बाहेरची बी उतरलेली असते. गणपती-दिवाळीला गराची मागणी वाढते हे खरं, पण तेव्हा विकायचा गर कारखान्यात आधीच तयार असतो. गर चढला म्हणून बी चढेलच असं नाही. कधी चढते, कधी नाही. मी स्वतः दरवर्षी जुगार खेळतो, पण माझी ती सवय आहे.

ठेवायचीच असेल तर नीट ठेवा. तीन कडक उन्हं द्या, नख दाबलं तर रुतता कामा नये, हातात घेऊन हलवली तर वाजली पाहिजे. गोणपाटात भरा, खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यात नको, आत घाम धरतो. खाली फळ्या, भिंतीपासून हातभर लांब. न्हयकाठवाल्यांनी सांगितलेल्या पाच गोण्या बहुतेक अर्धओल्या भरल्या असणार. आणि वजन उतरतं ते भावात धरायला विसरू नका.

आणखी एक, हे व्यापारी सांगणार नाही. चार, सात आणि गावठी एकत्र घालता का? सातची बी दहा ग्रॅमच्या आसपास, चारची साडेसात-आठ, गावठी चार-पाच ग्रॅम. सातच्या बीतून डब्ल्यू १८० निघतो (एका पौंडात १८० गर, आकडा जितका लहान तितका गर मोठा), गावठीतून ४०० च्या पुढचा. एकत्र घातली की भाव गावठीच्या बाजूला झुकतो आणि मोठी बी चाळून वेगळी विकण्याचा फायदा व्यापाऱ्याला मिळतो. तीच चाळण तुम्ही घरी लावा.

---

सड्यावरची | १३ मे, रात्री ९:५५

एकत्रच घालतो हो. सासूबाई म्हणतात, "बी ती बी."

---

तेरेखोलपार | १४ मे, सकाळी ८:१०

मी पेडण्याचा. आमच्या सरकारने २०२३ मध्ये बीला १५० रुपये आधारभाव ठरवला होता. बाजारात कमी मिळाला तर फरक खात्यात येतो. पण त्यासाठी नोंदणी आणि सोसायटीची किंवा मान्य व्यापाऱ्याची पावती लागते, आणि फरकाचे पैसे यायला वेळ लागतो. म्हणून तुमच्याकडची बी रात्री तेरेखोल ओलांडून येते आणि इकडच्या कुणाच्या तरी नावावर चढते, असं बाजारात बोललं जातं. मी काही पाहिलेलं नाही.

खरा फरक बीचा नाही, बोंडवाचा (बीच्या वरच्या रसाळ फळाचा) आहे. आमच्याकडे बी हा अर्धाच माल. बोंडू पिळून रस, रसाची पहिली हुर्राक, मग दुसऱ्या उकळीची फेणी. २००९ पासून फेणीला भौगोलिक मानांकन आहे. हंगामात भट्टी लावणाऱ्या घरात एप्रिल-मेमध्ये रोज रोकड येते. तुमच्या बाजूला तेच बोंडू झाडाखाली कुजतात. झाड तेच, माती तीच, मधे फक्त हद्द.

---

न्हयकाठ | १४ मे, सकाळी ८:४०

कुजनत नाय, गुरां खातत. नि माणसांय येगळ्या रीतीन. पण तां हय लिवूचा नाय.

---

सड्यावरची | १४ मे, दुपारी २:३०

दोडामार्गाकडून बोंडवांचे टेम्पो गोव्यात जातात हे खरं आहे. आमच्याकडे एक टेम्पोवाला दोन वर्षं आला, मग यायचा बंद झाला. बोंडू संध्याकाळपर्यंत आंबतो, त्याला रोज फेरी परवडेना. आणि वाहतुकीत पडलेला बोंडू भट्टीवालाही घेत नाही. सरबत, सिरप, जॅम यांची प्रशिक्षणं आमच्या बचत गटाला झाली. प्रमाणपत्रं आहेत, फ्रेम केलेली. घसा धरतो तो तुरटपणा काढायला रसात साबुदाण्याची पेज घालून निवळ काढायची, हे शिकलो आणि ते खरंच जमतं. पण बाटली, बूच, लेबल, परवाना यात पन्नास बाटल्यांचं सरबत कोण विकणार? पाहुणे आले की तेच देतो.

---

कृषी_पदवीधर | १४ मे, रात्री ९:१५

सगळे भावावर बोलतायत, मी उताऱ्यावर बोलतो. झाडामागे पाच किलो हे तिशीतल्या कलमाला कमीच. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात चार नंबरचं झाड पंधरा किलोच्या वर देतं. तिथली माती, माणसं आणि पैसा वेगळा, ते सोडा; पण सड्यावरही आठ किलोला हरकत नाही.

ताई, तीन गोष्टी विचारतो.

पहिली, खत कधी आणि कुठे घालता? कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस मोठ्या झाडाला दोन किलो युरिया, दीड किलो सुपर फॉस्फेट, अर्धा किलो पोटॅश अशी आहे, शिवाय शेणखत. पावसाचा जोर ओसरला की ऑगस्टमध्ये, झाडाच्या विस्ताराच्या कडेखाली चर काढून. बहुतेक जण जूनच्या पहिल्या पावसात बुंध्याशी ओततात. सड्यावरून ते खत थेट ओहोळात जातं.

दुसरी, फवारणीची वेळ. काजूचा खरा शत्रू ढेकण्या. कोवळी पालवी, मोहोर आणि नखाएवढी बी, तिन्ही टप्प्यांवर रस शोषतो. टोचलेल्या जागी काळा डाग, मग मोहोर करपल्यासारखा वाळतो आणि लोक म्हणतात 'धुकं पडलं'. ढगाळ हवेत तो फोफावतो. म्हणून फवारण्याही तीनच: पालवीला, मोहोर फुटताना, फळधारणेला. शेजाऱ्याने मारली म्हणून मारू नका आणि मोहोर पूर्ण फुललेला असताना सकाळच्या वेळी तर नकोच, परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात. औषध आलटून पालटून घ्या आणि दुकानदाराच्या नाही, कृषी सहायकाच्या चिठ्ठीवर घ्या. कासरगोडात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं, त्याची फळं तिथली माणसं अजून भोगतायत. देशभर बंदी यायला २०११ उजाडलं. तेही ढेकण्यासाठीच होतं.

तिसरी आणि महत्त्वाची, बुंध्याशी भुसा दिसतो का? लाकडाचा भुसा आणि डिंक?

---

सड्यावरची | १४ मे, रात्री १०:०५

खत जूनमध्ये, बुंध्याशी. ओहोळातच घालत होतो म्हणायचं.

भुसा पाच-सहा झाडांना आहे. एक झाड पिवळं पडलंय, वरून सुकत चाललंय. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, मागच्या वर्षी तेच सगळ्यात जास्त लागलं होतं.

---

कृषी_पदवीधर | १४ मे, रात्री १०:२०

दृष्ट नाही, रोठा. खोडकिडा. अळी सालीखाली बोगदे काढत मुळापर्यंत जाते. झाड पिवळं पडल्यावर सहसा उशीर झालेला असतो. ते झाड आता मुळासकट काढून जाळा, तिथेच ठेवलंत तर बाकीची जातील. उरलेल्या पाचांना पटाशीने साल तासून अळ्या काढा, तारेने बोगदे खरवडा, मग कीटकनाशकाच्या द्रावणाने ती जागा भिजवा. हे काम फवारणीपेक्षा स्वस्त आणि जास्त मोलाचं आहे, फक्त कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही. महिन्यातून एकदा बागेत फक्त बुंधे बघायला फिरा.

काढलेल्या झाडाच्या जागी वेंगुर्ला-४ चं कलम लावा, सात घ्यायचं तर थोडं. सातची बी मोठी दिसते म्हणून सगळे तिच्या मागे लागतात, पण चारचा मोहोर आणि एकूण उतारा जास्त भरवशाचा, असं माझं मत. शेजारच्या वाडीत विचारा, भांडणं होतील.

---

घाटमाथा | १५ मे, सकाळी ६:५०

चंदगडहून रामराम. आमच्याकडं काजू तुमच्यानंतर येतो, त्यामुळं तुमचा भाव पडला की आमचा बसलाच. आजरा-चंदगड पट्ट्यात घराघरांत बी फोडायची मशिनं आहेत, हाताची-पायाची. बायका घरातच फोडतात. पन्नास-साठ पोती बी वर्षाला, त्यावर कुटुंब चालतंय. श्रीमंत कोणी झालं नाही, पण पोरं शिकली.

एक फरक सांगतो. तुम्ही कोकणवाले बी विकून मोकळं होता, आम्ही गर विकतो. पण आमच्याकडं घरात चार हात आहेत. तुमच्याकडं वाडीत माणसंच नाहीत, बागा नेपाळ्यांच्या भरवशावर.

---

डोंबिवलीकर_चाकरमानी | १५ मे, सकाळी ११:३०

हा टोमणा मला आहे का? असेल तर मान्य. माझी बाग राजापूर तालुक्यात, दोनशे कलमं. वडील असेपर्यंत नोव्हेंबर संपायच्या आत गवत काढलेलं असायचं आणि कडेने जाळरेषा (वणवा अडवायला गवत जाळून मोकळी केलेली पट्टी) मारलेली असायची. ते गेल्यावर दोन वर्षं फोनवरून माणूस सांगून करून घेतलं. तिसऱ्या वर्षी तो म्हणाला झालं काम, मी पैसे पाठवले. फेब्रुवारीत वणवा लागला तेव्हा कळलं की कमरेएवढं गवत तसंच होतं. कुणी म्हणतं विजेच्या तारेची ठिणगी, कुणी म्हणतं पलीकडे शेताची भाजावळ केली होती. पंचनामा झाला. हातात काही आलं नाही. अर्धी कलमं पुन्हा फुटली, अर्धी नाहीत. एकीची भाषणं देणारा माणूस मी, आणि माझ्याच बागेच्या कडेला जाळरेषा नव्हती.

---

न्हयकाठ | १५ मे, दुपारी १:१०

वायट झाला. फुटलेली कलमां जप. खालच्या गावठी खुंटाची फूट काढून टाक, नायतर तीच वाढतली.

---

तलाठी_ऑफिसचा_उंबरठा | १५ मे, रात्री ८:००

आयडी बघून ओळखलंच असेल, बराच वेळ तिथेच जातो. सगळे योजनांचं विसरले म्हणून लिहितो. राज्य सरकारने २०२४ च्या हंगामासाठी बीला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केलं होतं. कमीत कमी ५० किलो, जास्तीत जास्त २००० किलो. तसंच यंदाही मिळालं तर ताईंच्या सातशे किलोला सात हजार होतात. पण सातबाऱ्यावर काजूची नोंद हवी आणि विक्रीची पक्की पावती हवी. ताई, तीनशे किलोची पावती आहे?

---

सड्यावरची | १५ मे, रात्री ८:२५

आहे ना. सिगरेटच्या पाकिटाच्या मागे लिहिलेली. '३ गोणी, आई' एवढंच.

आणि सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. चार जण वारले, वारस लागलेले नाहीत. दोघे मुंबईत, एक बडोद्याला. आत्येसासूबाई फोन उचलतात, पण संमतीपत्र म्हटलं की रेंज जाते. ई-पीक पाहणी नवऱ्याने मोबाईलवरून केली होती, काजूची नोंद लागलीय एवढं बरं. विमाही मी दोनदा भरला. पाऊस आमच्या सड्यावर पडला आणि ज्याच्या नोंदीवर भरपाई ठरते ते हवामान केंद्र मंडळाच्या गावात कोरडं होतं.

---

तलाठी_ऑफिसचा_उंबरठा | १५ मे, रात्री ८:५०

मग तीनशे किलोचं विसरा. उरलेली चारशे तरी जीएसटी नंबरवाल्याला घाला आणि पावती नवऱ्याच्या किंवा सासूबाईंच्या, म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाच्या नावाने घ्या. वाडीतला व्यापारी दोन रुपये जास्त देत असेल आणि पावती देत नसेल, तर तो खरं म्हणजे आठ रुपये कमी देतोय. काजू मंडळ काढायचं २०२३ मध्ये ठरलं, त्यातून पुढे काय निघेल ते निघो; कागद तयार ठेवणारालाच मिळणार. वारसतपासाचा अर्ज पावसाळ्यात टाका, तेव्हा ऑफिसात गर्दी कमी असते.

---

तेरेखोलपार | १५ मे, रात्री ९:३०

ताई, तुमच्या सगळ्या हिशोबात मला एकच आकडा चांगला दिसला. ओल्या गरांचे अठरा हजार. किती बीचे?

---

सड्यावरची | १५ मे, रात्री १०:१०

सासूबाईंना विचारून सांगते. विचारलं. त्या शेकड्यावर मोजतात. जानेवारी अखेरीस शेकडा ३५० ने गेले, शिमग्यापर्यंत २०० वर आले. एकूण सत्तर शेकडे, म्हणजे सात हजार बिया. त्याच बिया पिकवून, वाळवून घातल्या असत्या तर पन्नासेक किलो भरल्या असत्या. आजच्या भावाने साडेपाच हजार.

हे मी आज पहिल्यांदा असं मांडलं. सासूबाई शेजारी बसून हसतायत.

---

बोरमा | १५ मे, रात्री १०:३०

कारखानदार म्हणून मला हे आवडायला नको, पण खरं आहे. तुमच्या बागेतलं सगळ्यात महाग उत्पादन तेच. मर्यादा दोन. एक, सोलणारे हात. चीक हाताला लागला की कातडी सोलवटते, खोबरेल चोपडून किंवा मोजे घालूनच करावं लागतं, आणि रोज किती सोलणार? दुसरी, बाजार. माल दोन दिवसांत खपला पाहिजे. सगळ्या वाडीने ओले गर काढले तर शेकडा शंभरावर येईल. पण तुमच्या दोघींना सत्तरचे दीडशे शेकडे करायला वाव आहे. सातची झाडं त्यासाठी राखा, गर मोठा दिसतो.

---

सड्यावरची | १५ मे, रात्री १०:४५

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सासूबाई स्वतः बसतात. पहाटेच्या गाडीने जातात, दुपारी परत. तिथे गोव्याच्या बायका घासाघीस करत नाहीत असं त्यांचं म्हणणं, सावंतवाडीत जास्त करतात. चीक मात्र खरा आहे, त्यांची बोटं एप्रिलपर्यंत काळी असतात. माझी तर पहिल्या वर्षी अशी सोलवटली होती की पीठ मळता येईना.

---

खवय्या_पुणे | १५ मे, रात्री ११:२०

ओल्या काजूच्या उसळीची कृती मिळेल का? वाळलेले काजू भिजवून चालतील?

---

न्हयकाठ | १५ मे, रात्री ११:२५

नाय.

---

घाटमाथा | १६ मे, सकाळी ७:१५

एक सुचवतो. चारशेतली चार आणि सातची बी वेगळी काढा, ती मजुरीवर फोडून घ्या. फोडणारा किलोमागं पैसे घेतो, गर तुमचा तुम्हाला देतो. गोव्याच्या कंपनीत नवऱ्याबरोबर काम करणारे पाच-पन्नास जण असतील ना? दिवाळीला अर्धा-अर्धा किलोची पाकिटं. अख्खा ८०० ने दिला तरी त्यांना स्वस्त, तुम्हाला महाग. कारखाना टाकू नका. २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं, वरची मर्यादा दहा लाख. त्या नादानं आमच्याकडं कितीतरी जणांनी शेड बांधली. अनुदान शेडला मिळालं, बीला पैसे कुठनं आणणार? बोरमा साहेबांनी सांगितलंच आहे.

---

बोरमा | १६ मे, सकाळी ७:४०

मजुरीवर मी फोडून देतो, किलोला ३० रुपये. गर, पाकळी, तुकडा सगळं परत, टरफल माझं. दीडशे किलोच्या खाली घेत नाही, बॉयलर तेवढ्यासाठी तापवणं परवडत नाही. आणि आधीच सांगतो, तुमच्याच बीचा गर मिळेल, पण तुमची बी कोवळी निघाली तर तुकडा जास्त येईल आणि मग 'तुम्ही बदलली' म्हणून यायचं नाही. बी झाडावरून तोडलेली आहे की पडलेली वेचलेली?

---

सड्यावरची | १६ मे, दुपारी ३:००

वेचलेली. माकडं आली की कधी कधी तोडावी लागते, ती थोडी.

काल रात्री आणि आज सकाळी आम्ही दोघींनी पडवीत बसून मोठ्या भोकांच्या चाळणीने बी वेगळी केली. मोठी १८० किलो भरली, बाकी २२०. सातची बी एवढी निघेल असं वाटलं नव्हतं. ठरलं ते असं: २२० किलो बांद्यातल्या पावती देणाऱ्या व्यापाऱ्याला घालतोय, त्याने १०६ सांगितलाय, पावती सासूबाईंच्या नावाने. मोठी १८० किलो बोरमांकडे. मजुरीचे ५४०० होतात, ते २२० किलोच्या पैशांतून निघतील. चाळीस-पंचेचाळीस किलो गर येईल असं धरलंय. नवऱ्याने आजच कंपनीच्या ग्रुपवर विचारलं, नऊ किलोची नोंद झालीसुद्धा. दोघांनी उधारी चालेल का विचारलंय.

पिवळं झाड उद्या तोडतोय. सासूबाई तयार झाल्या, पण त्यांना त्याच खड्ड्यात पुन्हा काजू नको, फणस हवाय. रोठा फणसाला लागतो का?

---

कृषी_पदवीधर | १६ मे, सायंकाळी ६:१०

काजूचा हा रोठा फणसाच्या वाट्याला सहसा जात नाही, खुशाल लावा. फक्त जुनी मुळं सगळी खणून काढा आणि खड्डा पाऊस लागेपर्यंत उन्हात उघडा ठेवा. फणस मोठा होतो, शेजारच्या कलमांवर सावली पडेल, म्हणून हद्दीकडेच्या बाजूला सरकवून लावा. उरलेल्या पाच झाडांच्या बुंध्यांचे फोटो टाका, कुठवर तासायचं ते सांगतो.

---

बोरमा | १६ मे, रात्री ९:००

बुधवारी आणा, सकाळी दहाच्या आत. त्या दिवशी दुसऱ्या कुणाची बी लावत नाही, म्हणजे सरमिसळीचा प्रश्न नको. मंगळवारी आणखी एक ऊन द्या. आणि गोण्यांवर नाव लिहा, 'आई' नाही.